मदत हवी: अ‍ॅझो-सिलेन कॉलममधून उतरतच नाही!!

केशरी_हात:
एम.एस्सी. प्रोजेक्ट, सोमवारी गाईडना दाखवायचंय. अ‍ॅझोबेन्झीनला (उजेडात रूप बदलणारा केशरी रंग) सिलिकॉनचं टोक, म्हणजे ट्रायइथॉक्सीसिलिल शेपूट, जोडतोय. टीएलसीवर (पदार्थ वेगळे दाखवणारी पट्टी) नवा डाग दिसतो, पण कॉलम (पदार्थ वेगळे करायची भरलेली नळी) मारला की हातात शून्य. तीनदा झालं. लवकर सांगा.

जुनं_खोड:
कसं जोडताय? कॅटॅलिस्ट? सॉल्व्हंट?

केशरी_हात:
नेहमीचंच हो. अलिलॉक्सीअ‍ॅझोबेन्झीन, ट्रायइथॉक्सीसिलेन, कार्स्टेट (प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट), टोल्युईन.

पाषाण_रोड:
हायड्रोसिलिलेशन (डबल बाँडवर सिलेन जोडायची ही पद्धत) सोडा. हायड्रॉक्सीअ‍ॅझोबेन्झीनवर आयसोसायनेटोप्रॉपिल ट्रायइथॉक्सीसिलेन घाला, कोरडं टीएचएफ, थेंबभर टिन कॅटॅलिस्ट. आयआर स्पेक्ट्रममध्ये आयसोसायनेटचा २२७० चा पीक गेला की काम फत्ते. अ‍ॅझोच्या नायट्रोजननं प्लॅटिनम मरतं.

जुनं_खोड:
अमाइननं मरतं, अ‍ॅझोनं नाही. अ‍ॅझोची पॉलिसिलोक्सेन याच वाटेनं बनतात.

पाषाण_रोड:
अलिलचा डबल बाँड सरकतो त्याचं काय? डाग त्याचाही असेल.

कोथरूडचं_ऊन:
माझा उन्हात काळा होणारा चष्मा सावलीत आलं तरी काळाच राहतो. हेच केमिकल का? दुकानदार बदलून देत नाही.

जुनं_खोड:
नाही. काचेत सिल्व्हर हॅलाइड, प्लॅस्टिकमध्ये बहुधा नॅफ्थोपायरान. थंडीत आणखी हळू उतरतो. दुकानदाराला सोडा.

तपकीर_गल्ली:
लाइट कुठला वापरताय? नोटा तपासायची टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरची असते. तुम्हाला ३६५ लागेल, परतीला ४५० चा निळा.

केशरी_हात:
लाइटपर्यंत पोचलोच नाहीये अजून!!

जुनं_खोड:
कॉलम कशाचा भरला?

केशरी_हात:
सिलिका, दुसरं काय? वर केशरी पट्टा बसून राहतो, मिथेनॉल सोडलं तरी ढिम्म.

जुनं_खोड:
अरे बाबा, हे आधी सांगायचंस ना! सिलिकावर हायड्रॉक्सिल असतात. इथॉक्सीसिलेन त्यांनाच जाऊन जखडतं, इथेनॉल सुटतं. त्यासाठीच तर ते शेपूट लावतात. कॉलम मारूच नकोस. टोल्युईन आणि उरलेलं सिलेन व्हॅक्युमवर काढ (वाफ ओढणाऱ्या हुडमध्येच, डोळ्यांना घातक आहे ते) आणि थेट एनएमआर (रेणूतले हायड्रोजन दाखवणारी चाचणी) घे. ०.७ पीपीएमच्या आसपास सिलिकॉनशेजारचे दोन हायड्रोजन दिसले आणि अलिलचे ५ ते ६ मधले गेले, की झालं. भांडं मात्र बंद ठेव, या पावसात जेल व्हायला वेळ लागत नाही.

केशरी_हात:
म्हणजे तीन कॉलम पाण्यात?

पाषाण_रोड:
ती केशरी सिलिका टाकू नकोस. धुऊन, वाळवून ३६५ खाली धर. रंग बदलला तर गाईडना तीच दाखव. (तरी आयसोसायनेटच बरं.)

केशरी_हात:
दोन कॉलमची काल वेस्टमध्ये गेली. तिसऱ्याची आहे. तपकीर गल्लीवाले, माझी टॉर्च नोटांचीच निघाली. ३६५ ची उद्या मिळेल का?