मदत हवी आहे: 21 एप्रिलला कारची टेस्ट आणि गाडीच्या आरसीची मुदत संपलेली

गंगापूररोडची

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची, वय 43. ॲक्टिव्हा वीस वर्षं चालवतेय, पण कारच्या स्टेअरिंगला हात लागला तो यंदा संक्रांतीच्या सुमारास. शिकाऊ लायसन्स 12 जानेवारीचं. जुन्या टू-व्हीलरच्या लायसन्सवरच कार वाढवून घ्यायची आहे. पक्क्या टेस्टचा स्लॉट मिळालाय 21 एप्रिलचा, पेठ रोडच्या आरटीओत.

गाडी सासऱ्यांची, 2011 ची पांढरी वॅगन आर. आप्पा दर रविवारी ती स्वतः पुसतात, नातवंडांना आत बसून चिवडा खायची बंदी. कागदपत्रांची फाईल देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यामुळे गाडीच्या कागदांची काळजी मी केलीच नव्हती. परवा रात्री सहज फाईल काढली. विमा आहे, ऑगस्टपर्यंत. पीयूसी आहे. आणि आरसीच्या (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या) स्मार्ट कार्डावर बारीक अक्षरात लिहिलंय, नोंदणी वैध 14/03/2026 पर्यंत. म्हणजे गेलीच की मुदत! आप्पांना दाखवलं तर म्हणाले, "विमा चालू आहे ना, मग झालं." नंतर चष्मा लावून दोनदा वाचलं आणि न बोलता फाईल बंद केली.

आता अडचणी अशा. ही गाडी टेस्टला चालेल का? नाही चालली तर दुसऱ्याची नेता येते का? शिकाऊ लायसन्सवर माझं माहेरचं नाव आलंय, कारण जुनं लायसन्स लग्नाआधीचं, जळगावचं. आधारवर मात्र सासरचं. तिथे अडवतील का? शिवाय चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो म्हणतात, तो कुठल्या डॉक्टरचा?

आणि गाडीत काय काय तपासून न्यायचं तेही सांगा. एका काचेवर काळी फिल्म आहे, डाव्या बाजूला आरसाच नाही (या मॉडेलला तेव्हा तो मिळालाच नव्हता) आणि हँडब्रेक ओढला की गाडी सावकाश मागे सरकते. पाथर्डी फाट्याजवळच्या एका चढावर तिने माझा घाम काढलाय.

बिनधास्त_422

ताई काय टेन्शन घेता राव. आरसी कोण बघतं? एजंटला द्या, तो सगळं करतो. मी 2014 ला तसंच केलं.

क्लचप्लेट

बिनधास्तराव, 2014 चं सोडा.

ताई, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली आणि नूतनीकरण केलं नाही, की कायद्याच्या लेखी गाडी विनानोंदणीची. टेस्टचं राहू द्या, ती रस्त्यावरच आणायची नाही. आपल्या द्वारका चौकात कुणी स्कूटरवाला आडवा आला आणि धक्का लागला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न आरसीचाच विचारेल.

नूतनीकरणाला गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. पंधरा वर्षं झालेल्या कारची फी 5,000 रुपये, वर पर्यावरण कर, आणि उशीर झाला असेल तर महिन्यांच्या हिशोबाने जादा. मुदत मिळते पुढची पाच वर्षं. हा अर्ज मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, हे आप्पांना सांगू नका, उगाच वाईट वाटेल.

आधी नंबरप्लेट बघा. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी म्हणजे एचएसआरपी (सरकारी उच्च सुरक्षा नंबरप्लेट) लागणारच, ती नसेल तर आरटीओतली बरीच कामं अडतात. कारला 745 रुपये अधिक जीएसटी. परिवहन विभागाच्या साईटवरूनच पुढे जा, गूगलवर वर दिसते ती प्रत्येक साईट खरी नसते. थकलेलं ई-चलान असेल तर तेही भरून टाका. हे सगळं 21 तारखेच्या आत उरकेल, या भरवशावर राहू नका.

टेस्टला गाडी स्वतःचीच लागते असं काही नाही. त्याच प्रकारातली हवी आणि तिची आरसी, विमा, पीयूसी चालू हवी, बस. शेजाऱ्यांची न्या, नाहीतर मोटार ट्रेनिंग स्कूलची भाड्याने घ्या. मात्र ज्या गाडीने टेस्ट देणार ती आधी दोन-चार दिवस चालवून बघा. दुसऱ्याच्या गाडीचा क्लच कुठे उचलतो हे टेस्टच्या ट्रॅकवर शिकायचं नसतं. वॅगन आरमध्ये तुम्ही उंच बसता, त्या सवयीने बुटक्या गाडीत बसलात तर बॉनेटचा अंदाजच येत नाही.

माहेरवाशीण

नावाचं माझंही सेम झालं होतं. लायसन्सवर वडिलांचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं. मी विवाह नोंदणी दाखल्याची मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही नेलं. लायसन्सवरच्या नावबदलाचा अर्ज सारथीवर (लायसन्सच्या सरकारी साईटवर) वेगळा असतो, तो आधी करून घेतला तर पुढे दर वेळी खुलासा द्यावा लागत नाही. लग्न नोंदवलेलं नसेल तर मात्र आजच कामाला लागा. (आमचं लग्न नोंदवायला आम्ही अकरा वर्षांनी गेलो, साक्षीदार म्हणून आमचीच मुलगी येते म्हणत होती.)

डॉक्टरचा दाखला म्हणजे नमुना 1-अ. चाळिशीच्या पुढच्यांना तो लागतो आणि तो एमबीबीएस डॉक्टरचाच हवा. गल्लीतले होमिओपॅथीवाले कितीही ओळखीचे असले तरी त्यांचा चालत नाही. चष्मा असेल तर घालून जा.

क्लचप्लेट

गाडीचं राहिलंच. फिल्म काढा, केस सुकवायच्या मशीनने गरम केली की सोलून निघते. डावा आरसा बसवून घ्या, रिव्हर्सला त्याच्याशिवाय अंदाज येत नाही. हँडब्रेक गॅरेजमध्ये ताणून घ्या, चढावर थांबून गाडी मागे न सरकता पुढे काढणं हा टेस्टमधला भाग आहे. ब्रेकचे दिवे एकट्याने तपासायचे तर रात्री दुकानाच्या बंद शटरकडे गाडीची पाठ करून उभी करा आणि ब्रेक दाबा. शटरवर दोन लाल डाग दिसायला हवेत. एकच दिसला तर एक बल्ब गेलाय.

पीयूसीची तारीख परत बघा. गाडी बीएस-3 (धुराच्या प्रदूषणाचं जुनं मानक) असेल तर ती सहाच महिने चालते, बीएस-4 ला वर्ष मिळतं.

आणि एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या शेजारी बसून शिकवतं कोण? आप्पा ना? त्यांचं लायसन्स कधीपर्यंत आहे?

गंगापूररोडची

सगळ्यांचे आभार. क्लचप्लेटदादा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी आप्पांचं पाकीट मागितलं. लायसन्स ऑक्टोबरमध्येच संपलंय! म्हणजे मी जानेवारीपासून ज्यांच्या भरवशावर कॉलेज रोडला गाडी घालत होते, त्यांनाच चालवायची परवानगी नव्हती.

क्लचप्लेट

वाटलंच होतं. पंचावन्नच्या पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, तिथे बरेच ज्येष्ठ चुकतात. मुदत संपून वर्ष झालेलं नाही ना, मग टेस्ट नाही द्यावी लागणार. वर्ष उलटलं असतं तर आप्पाही तुमच्या रांगेत आले असते. नमुना 1-अ त्यांनाही लागेल. तोवर वैध लायसन्सवालं दुसरं कुणीतरी शेजारी बसवा.

बिनधास्त_422

बरं, माझा एजंट मागे घेतो. पण नापास झालात तरी घाबरू नका ताई, सात दिवसांनी परत देता येते. तीनदा झालात तर मात्र साठ दिवस थांबायचं. मला कसं माहीत ते विचारू नका.

गंगापूररोडची

अपडेट देते. वॅगन आर आता पार्किंगमध्ये, कव्हर घालून. एचएसआरपीची नोंदणी केली, नूतनीकरण टेस्टनंतर सावकाश करू. नणंदेची गाडी मिळाली आहे, 2021 ची, कागद सगळे चालू. सकाळी साडेसहाला ती शेजारी बसते आणि चहा होईपर्यंत आम्ही परत येतो. कालच आप्पा आणि मी एकाच डॉक्टरकडे नमुना 1-अ साठी गेलो होतो. माझा नंबर लागायच्या आत त्यांनी डॉक्टरांना वॅगन आरचं मायलेज सांगून झालं होतं.

एक शेवटची शंका. एलची पाटी मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर लाल टेप चिकटवून केली आहे. चालेल ना?

क्लचप्लेट

पुढे-मागे दोन्हीकडे हवी. पांढऱ्यावर लाल, पाटी निदान 18 सेंटिमीटर चौरस. एल 10 सेंटिमीटर उंच, खाली 9 रुंद, जाडी 2.

गंगापूररोडची

पट्टी लावून मोजला. साडेआठ उंच भरला. आप्पा दुसरा पुठ्ठा कापत बसलेत.