टेनिससाठी मुलाची हाफ पॅन्ट कोणती घ्यावी? (जळगाव, बजेट ५००)

मेहरूणची_आई
नमस्कार. मुलगा ११ वर्षांचा आहे, दीड महिन्यापासून टेनिसला जातो. आतापर्यंत सुती बर्मुडाच घालायचा. परवा घरी आला तो पाय फाकवून चालतच. बघितलं तर दोन्ही मांड्या आतून लालभडक, एका जागी साल निघालेलं. अंगाने थोडा भरलेला आहे. शिवाय धावताना खिशातला चेंडू पडतो. दोन पॅन्टी हव्यात, मिळून ५०० रुपयांत. गावात काय मिळेल?

बॅकहँड_दादा
ताई, ५०० चा विचार सोडा. मी नाशिकहून आर्टेंगो ब्रँडची आणली होती. महाग पडली, पण मोठ्याने दोन वर्षं वापरली, आता धाकटा घालतो. इलॅस्टिक अजून घट्ट आहे. चांगल्या वस्तूला पैसे लागतातच.

धुळेकर
मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो आणि तुम्ही पोराला पॉलिस्टर घालता? आम्ही सुतीच घालून मोठे झालो. सैल सुती घ्या, बाकी काही नको.

बॅकहँड_दादा
सुतीनेच तर साल निघालं ना, भाऊ. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, मग ओलं कापड मांडीवर घासतं. पॉलिस्टरचा धागा पाणी पीत नाही, घाम कापडावर पसरून वाळतो. फक्त कापड पातळ हवं. जाड पॉलिस्टरमध्ये मात्र पोरगं उकडून निघेल, तेवढं तुमचं मान्य.

केळीबाग_रावेर
मना पोऱ्याले बी असंच व्हयनं व्हतं, ताई. पॅन्ट कोणतीही घ्या, आत गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी घट्ट अंतर्वस्त्राची चड्डी घाला. मांडीला मांडी घासतच नाही. निघण्याआधी थोडं खोबरेल तेल लावा.

धुळेकर
तेल नको, डाग पडतात. पावडर लावा.

केळीबाग_रावेर
पावडर घामाने गोळा होऊन आणखी टोचते, आम्ही करून बघितलंय. आणि जिथं साल निघालंय तिथं तेल, पावडर काहीच नको. आधी चार दिवस खेळ बंद ठेवा.

तापीकाठ
कोणी खिशाचं बोलेना. चेंडूचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या वर असतो. खिसा वीतभर खोल हवा आणि तोंड फार रुंद नको. सामन्यात खिशातून चेंडू पडला तर पहिल्यांदा पॉइंट पुन्हा खेळवतात, पुढच्या वेळी पॉइंट जातो. माझ्या मुलीचा असाच गेला, ती घरी येईपर्यंत रडत होती. फुटबॉलची पॅन्ट अजिबात घेऊ नका, तिला बहुतेक वेळा खिसाच नसतो.

बॅकहँड_दादा
आणि पांढरी घेऊ नका. मातीच्या कोर्टवर पडला की लाल डाग धुऊनही जात नाही.

धुळेकर
उन्हात पांढराच रंग बरा. काळी घालून बघा एकदा.

तापीकाठ
पोरं सकाळी ६ ला खेळतात, दुपारी नाही. आणि ताईंनी बजेट सांगितलंय, ते कुणी वाचलं का?

मेहरूणची_आई
सगळ्यांचे आभार. काल फुले मार्केटला दोन तास फिरले. टेनिसच्या म्हणून दाखवलेल्या दोन्ही पॅन्टींच्या आत जाळीचं अस्तर शिवलेलं होतं आणि त्याची शिवण नेमकी सालाच्या जागी येत होती. मुलगा नको म्हणाला. शेवटी तापीकाठ यांनी नको सांगितलेली फुटबॉलचीच घेतली. पातळ कापड, राखाडी रंग, १७० ची एक. लांब चड्डी ८० ची. खिसे गल्लीतल्या शिंपीकाकांकडून जाळीच्या कापडाचे लावून घेतले, दोन्ही पॅन्टींचे मिळून ६० रुपये. एकूण ४८० झाले. एका साइजने मोठी घेतली आहे, नाडी आहे म्हणून चालतं.

तापीकाठ
खिसा किती खोल ठेवला?

मेहरूणची_आई
काकांनी टेपने १२ सेंटिमीटर मोजला. मुलाने दोन्ही खिशांत एकेक चेंडू टाकून अंगणात चार फेऱ्या मारल्या. डावीकडचा राहिला, उजवीकडचा तिसऱ्या फेरीत उसळून तुळशीपाशी पडला. उद्या पुन्हा काकांकडे नेते, ३ सेंटिमीटर वाढवायला सांगते. खेळायला सोमवारपासून, तोवर साल भरून येईल.