वापरलेली पोर्शे ७१८ केमन घेताना मीटरवरचा आकडा खरा आहे हे कसे ठरवावे?

नीलकंठ_पुणे (प्रश्नकर्ता)

नमस्कार. बरीच वर्षे पैसे बाजूला टाकल्यानंतर दोन आसनांची स्पोर्ट्स कार घेण्याचे मी निश्चित केले आहे. पसंत पडलेली गाडी २०१७ सालची पोर्शे ७१८ केमन आहे. पीडीके (पोर्शेचा स्वयंचलित) गिअरबॉक्स, महाराष्ट्र पासिंग, दुसरा मालक, आणि मीटरवर १९,४०० किलोमीटर. गाडी फक्त रविवारी सकाळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर काढली जात असे, शहरात ती जवळजवळ चाललेलीच नाही, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे.

सोबत तीन सर्व्हिस पावत्या मिळाल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये ६,१००, ऑक्टोबर २०१९ मध्ये ११,३०० आणि जानेवारी २०२२ मध्ये १३,९०० किलोमीटर अशा नोंदी त्यांवर आहेत. आकडे चढत्या क्रमाने असल्यामुळे वरकरणी खटकण्यासारखे काही नाही. मात्र चालकाच्या सीटची दाराकडची उंच कड बरीच घासलेली आहे आणि मागचे दोन्ही टायर नवे, तर पुढचे जुने आहेत. या वर्गातल्या गाडीचा भाव रनिंगवर फार अवलंबून असतो, त्यामुळे मीटरशी छेडछाड करण्याचा मोहही मोठा असणार. टोकन देण्यापूर्वी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

डायग्नोस्टिक_ठाणे

प्रथम आपल्याला खटकलेल्या दोन गोष्टींविषयी लिहितो, कारण त्यांवरून निष्कर्ष काढलात तर आपण चुकीच्या दिशेने जाल. सेडान गाडीत सीटची कड वीस हजारांत घासली असेल तर शंका घेणे योग्य आहे, पण केमनमध्ये बसताना माणूस त्या उंच कडेवरून घसरतच आत जातो, त्यामुळे ती किती झिजली हे किलोमीटरपेक्षा माणूस किती वेळा चढला-उतरला यावर ठरते. मागच्या टायरचेही तसेच आहे. इंजिन मध्यभागी आणि ताकद मागच्या चाकांना, अशा रचनेत मागचे टायर पुढच्यांच्या कितीतरी आधी संपतात. वीस हजारांच्या आत ते बदलले गेले असतील तर ते नैसर्गिक आहे. पाहायचे ते पुढचे टायर. बाजूच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा. तिथे ३०१६ असेल तर तो टायर २०१६ सालच्या तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे, म्हणजे बहुधा गाडीबरोबरच आलेला. मात्र २०१७ च्या गाडीला पुढे २०२१ चे टायर असतील आणि तेही झिजत आले असतील, तर पहिला संच कधी आणि किती किलोमीटरला उतरवला, हे विचारायलाच हवे.

आता मुख्य मुद्दा. आजच्या गाडीत मीटर दोन वेगवेगळ्या प्रकारांनी खोटे ठरवले जाते आणि दोन्हींची तपासणी वेगळी असते. पहिला प्रकार आकडा मागे घेण्याचा. क्लस्टरमधील (म्हणजे चालकासमोरच्या मीटरच्या संचातील) मेमरी चिपवर किंवा स्कॅनरच्या सॉकेटमधून नवा आकडा लिहिला जातो. हे करणारा माणूस बहुतेक वेळा क्लस्टरपुरतेच पाहतो, इतर कंट्रोल युनिटमध्ये (गाडीच्या वेगवेगळ्या भागांच्या लहान संगणकांमध्ये) राहिलेल्या खुणा तशाच राहतात. एखादा बिघाड नोंदवला जातो तेव्हा अनेक युनिट त्या क्षणीचे किलोमीटरही लिहून ठेवतात, त्यामुळे मीटर १९,४०० दाखवत असताना गिअरबॉक्सच्या किंवा ब्रेकच्या युनिटमध्ये २६ हजारांवर झालेल्या बिघाडाची नोंद सापडली, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे आणि त्याकडे खरेदीदाराचे लक्ष फारसे जात नाही. क्लस्टर आणि गाडीचे अंतर्गत जाळे यांच्यामध्ये एक लहानसे उपकरण बसवले जाते आणि ते अंतर मोजणारा संदेश अडवते. उपकरण चालू असेपर्यंत गाडी धावते, आकडा मात्र तिथेच थांबतो. इतर युनिटना किलोमीटर क्लस्टरकडूनच कळत असल्यामुळे त्यांच्या नोंदीही त्याच गोठलेल्या आकड्याशी जुळतात. अशा गाडीच्या सर्व्हिस पावत्या चढत्या क्रमाने आणि निर्दोष दिसतात, त्यामुळे पावत्यांचा क्रम बरोबर आहे एवढ्यावर कृपया समाधान मानू नका.

या दुसऱ्या प्रकाराला उघडे पाडते ती इंजिनच्या कंट्रोल युनिटमधील तासांची नोंद, कारण किलोमीटर अडवले तरी तास वाढतच राहतात. पोर्शेच्या पीविस या उपकरणाने इंजिन एकूण किती तास चालले हे वाचता येते. मीटरवरचे किलोमीटर त्या तासांनी भागले की गाडीचा सरासरी वेग मिळतो. सिग्नलवर आणि कोंडीत उभे राहिल्याचा वेळही त्यात धरलेला असल्यामुळे शहरात चाललेल्या गाडीची सरासरी ताशी १५ ते २० किलोमीटर भरली तरी आश्चर्य नाही, तर मोकळ्या रस्त्यावरच चाललेल्या गाडीची सरासरी ४० च्या पुढे असायला हवी. ही सरासरी एकटी काहीच सिद्ध करत नाही. तिला अर्थ येतो तो विक्रेत्याने सांगितलेल्या हकिकतीशेजारी ठेवल्यावर. त्याच अहवालात इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले याच्या सहा पायऱ्याही दिसतात. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत त्या फार महत्त्वाच्या असतात, कारण चुकून खालचा गिअर पडला की इंजिनला मोठी इजा होऊ शकते. पीडीकेमध्ये गिअरबॉक्स स्वतःच तसे होऊ देत नाही, त्यामुळे आपण तासांवर लक्ष द्या.

अधिकृत केंद्रात नेण्याआधी ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे उपकरण) लावूनही एक गोष्ट पाहता येते. बिघाडांच्या नोंदी पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, याचा आकडा इंजिनचे युनिट स्वतंत्रपणे ठेवते. तो आकडा मीटरपेक्षा मोठा निघाला तर छेडछाड सिद्धच होते. आणि तो अगदीच लहान, म्हणजे तीस-चाळीस किलोमीटर निघाला, तर आपल्याला गाडी दाखवण्याच्या जरासे आधी कोणीतरी नोंदी पुसल्या आहेत. ते का केले, हे विक्रेत्याला थेट विचारावे.

घाटवाट

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. स्कॅनर न लावता दिसणाऱ्या दोन खुणांची भर घालतो. गाडी सकाळच्या तिरप्या उन्हात उभी करा आणि आत बसून पुढच्या काचेतून सूर्याच्या दिशेने पाहा. महामार्गावर खूप चाललेल्या गाडीच्या काचेवर वाळूच्या कणांनी पडलेले शेकडो बारीक टोचे तेव्हा चमकताना दिसतात, आणि ते कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. काच स्वच्छ असेल तर तिच्या कोपऱ्यातील छाप बाजूच्या काचांवरील छापाशी जुळतो का ते तपासा, कारण बदललेली काच याविषयी काहीच सांगत नाही.

दुसरी खूण ब्रेक डिस्कची. चाकाच्या आऱ्यांतून बोट घालून डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून फिरवल्यास झिजेमुळे तयार झालेला उंचवटा हाताला लागतो. किमान किती जाडी चालते हे डिस्कवरच कोरलेले असते. गॅरेजमध्ये मोजून घ्या. एकोणीस हजारांना डिस्क त्या मर्यादेजवळ आली असेल तर एक तर गाडी ट्रॅकवर चालवली गेली आहे किंवा आकडा खरा नाही, आणि खरेदीदाराच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी कळणे गरजेचे आहे.

याशिवाय विक्रेत्याकडे फास्टॅगचे विवरण अवश्य मागा. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर फास्टॅग बंधनकारक आहे आणि द्रुतगती मार्गावरही बहुतेक गाड्या त्यानेच टोल भरतात. विवरणात नाका, तारीख आणि वेळ असते, म्हणजे गाडी कुठे कुठे गेली याची ही नोंद मीटरपासून पूर्णपणे स्वतंत्र असते.

नीलकंठ_पुणे (प्रश्नकर्ता)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाडी अधिकृत केंद्रात तपासून घेतली. बिघाडांच्या नोंदींमध्ये १९,४०० पेक्षा मोठा आकडा कुठेही नाही. इंजिनचे तास १,२४० आहेत, म्हणजे सरासरी ताशी १५.६ किलोमीटर येते. विक्रेत्याने फास्टॅगचे विवरणही विनातक्रार दिले. जानेवारी २०२२ नंतर खालापूर आणि तळेगाव हे दोन्ही नाके एकाच प्रवासात ओलांडल्याच्या जा-ये धरून ३१ फेऱ्या त्यात दिसतात. मी केवळ दोन्ही नाके असलेले दिवस मोजले आहेत, लोणावळ्यापर्यंतच्या फेऱ्या सोडून दिल्या आहेत. काच मूळचीच आहे आणि तिच्यावर टोचे पुष्कळ आहेत. यातून काय समजावे?

डायग्नोस्टिक_ठाणे

आपण फार नीट काम केले आहे. आता ताळा करू. द्रुतगती मार्गाची लांबी सुमारे ९४.५ किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १८९. पुण्यातील घरापासूनचे आणि मुंबईतील पुढचे अंतर पूर्णपणे सोडून दिले तरी ३१ फेऱ्यांचे ५,८५९ किलोमीटर होतात, आणि जानेवारी २०२२ पासून मीटर पुढे गेले आहे ते ५,५०० ने. पुणे ते मुंबई एका दिशेचे अंतर साधारण १५० धरले तर हाच आकडा ९,३०० वर जातो. लोणावळ्याच्या फेऱ्या आणि शहरातले चालणे वेगळेच.

दुसऱ्या बाजूने पाहा. गाडी रविवारी फक्त द्रुतगती मार्गावर चालली असेल तर ताशी १५.६ ही सरासरी शक्यच नाही, आणि ती रोज शहरात चालली असेल तर विक्रेत्याची हकिकत खरी नाही. इतर युनिटमध्ये मोठा आकडा न सापडणे आणि पावत्या चढत्या क्रमाने असणे हे मीटर अडवून ठेवण्याच्या प्रकाराशी तंतोतंत जुळते. २०१९ ते २०२२ या सव्वादोन वर्षांत फक्त २,६०० किलोमीटर झाले याला टाळेबंदीचे कारण पटण्यासारखे आहे, त्यावर मी बोट ठेवणार नाही. त्यानंतरचा हिशेब मात्र लागत नाही.

एक शक्यता प्रामाणिकपणे तपासायला हवी. एकाच घरात दोन-तीन गाड्या असल्या की एकीचा टॅग दुसरीत नेऊन वापरला जातो. हे नियमात बसत नाही, पण घडते. विक्रेत्याला दुसरी गाडी आहे का, त्या गाडीच्या टॅगवर त्याच काळातील फेऱ्या दिसतात का, हे विचारा. तसे नसेल, तर क्लस्टर खोलून त्याच्या जोडणीत काही बाहेरचे बसवले आहे का किंवा वायरिंग कापून पुन्हा जोडल्याच्या खुणा आहेत का, हे केंद्राकडून लेखी घ्या. विक्रीपूर्वी उपकरण काढलेले असू शकते, म्हणून रिकाम्या जोडणीपेक्षा वायरिंगवरच्या खुणांना अधिक महत्त्व द्या.

रेडिंगकर

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथल्या मराठी मंडळींसाठी थोडे लिहितो, कारण हाच प्रकार इथे वेगळ्या कारणाने होतो. इथे बहुतेक नव्या स्पोर्ट्स कार हप्त्यांच्या अशा करारावर घेतल्या जातात की ज्यात दरवर्षी किती मैल चालवायचे याची मर्यादा ठरलेली असते आणि वरच्या प्रत्येक मैलाला पैसे मोजावे लागतात. मीटर अडवण्याचे उपकरण पहिल्याच मालकाला फायद्याचे ठरते ते यामुळे. एमओटी तपासणीत (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याच्या इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत) नोंदवलेले मैल सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात, पण ती तपासणी गाडी तीन वर्षांची झाल्यावर सुरू होते आणि हे करारही बहुधा तीन-चार वर्षांचेच असतात. म्हणजे ज्या काळात फसवणुकीचे कारण सर्वांत मोठे, नेमक्या त्याच काळाची सार्वजनिक नोंद नसते. तीन वर्षांची, कमी मैलांची गाडी घेताना एमओटीचा इतिहास स्वच्छ आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. इंजिनचे तास इथेही वाचून घ्यावेत.

वकील_नाशिक

कायद्याच्या बाजूने लिहितो. हा विक्रेता व्यापारी आहे की खासगी मालक, हे आधी स्पष्ट करून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार, नोंदणीकृत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला परिवहन विभागाचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि ताब्यातील गाडी कोणत्या कामासाठी, कोणी, केव्हा आणि किती चालवली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवावी लागते. ती दाखवण्याची मागणी आपण करू शकता. व्यापाऱ्याकडून फसवणूक झाली तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. खासगी मालकाविरुद्ध तो मार्ग सहसा उपलब्ध नसतो. तिथे दिवाणी दावा किंवा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार उरते, आणि तिथे विक्रेत्याला खोटेपणा माहीत होता हे सिद्ध करण्याचा भार फार जड जातो. आपला विक्रेता दुसरा मालक आहे, उपकरण पहिल्यानेच बसवले असे तो म्हणू शकेल. मात्र हिशेब न लागणाऱ्या सर्व फेऱ्या त्याच्या स्वतःच्या मालकीच्या काळातील असतील तर ते म्हणणे टिकणार नाही, म्हणून आरसीवरील हस्तांतरणाची तारीख आजच पाहून घ्या.

एवढे करूनही गाडी घ्यायचीच असेल, तर मालकी हस्तांतरणाचे २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म भरून थांबू नका. वेगळा विक्री करारनामा करा. त्यात मीटरवरील आकडा, इंजिनचे तास आणि तपासणीची तारीख लिहा, क्लस्टर कधीही बदललेला अथवा खोललेला नाही आणि दाखवलेले किलोमीटर हेच प्रत्यक्ष चाललेले किलोमीटर आहेत असे विक्रेत्याचे स्पष्ट विधान घ्या, आणि ते खोटे ठरल्यास संपूर्ण रक्कम परत करण्याची अट घाला. पीविसचा अहवाल आणि फास्टॅगचे विवरण परिशिष्ट म्हणून जोडा, प्रत्येक पानावर त्याची सही घ्या आणि हे सर्व टोकनची रक्कम देण्याच्या आधी करा.