मदत हवी आहे: पडद्याच्या गोळ्या, दोन डब्यांपैकी कुठला?

मालवी_पोरगा: पटकन सांगा. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याची झीज सांगितली, गोळ्या चालू करा म्हणाले. घरात दोन डबे झालेत, एक दवा बाजारातून आणलेला, दुसरा मावसभावाने अमेरिकेहून धाडलेला. दोन्हींत क आणि ई जीवनसत्त्व, झिंक. आज रात्रीपासून द्यायचेत. लेक्चर नको.

पलासियाची_माई: कुणाला द्यायचेत? वय?

गाजरहलवा: गोळ्या कशाला? रोज गाजराचा रस. आमचे अण्णा 84 व्या वर्षी बिनचष्म्याचे नईदुनिया वाचतात.

कोरडा_पडदा: पडद्याला हवं ते ल्युटिन, पालेभाज्यांतलं पिवळं रंगद्रव्य. गाजरात ते जेमतेम, पालकात भरपूर. पोरा, ड्राय (नुसती झीज) की वेट (पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या झिरपतात)? वेटला इंजेक्शन लागतं. आणि सुरुवातीच्या टप्प्यात या गोळ्यांचा उपयोग नाही.

सेवपरमल: ऑपरेशन करून टाका. सासूबाई दुसऱ्या दिवशी पोहे करत होत्या.

पलासियाची_माई: मोतीबिंदू कोण म्हणालं?

मालवी_पोरगा: अहो बाबांना! 74. ड्राय, मधला टप्पा. मोतीबिंदूची ऑपरेशनं दोन्ही डोळ्यांची झालीत. डब्याचं बोला.

कोरडा_पडदा: मागचं लेबल वाच.

मालवी_पोरगा: दवा बाजारवाला: ल्युटिन 10 मिग्रॅ, झिॲझँथिन 2, क 500, झिंक 80, तांबं 2. अमेरिकेचा: ल्युटिन नाही, बीटा कॅरोटीन आहे. एक्स्पायरी लांबची म्हणून तोच फोडणार होतो.

कोरडा_पडदा: बाबा सिगारेट ओढतात?

मालवी_पोरगा: 6 वर्षं झाली सोडून. काय संबंध?

कोरडा_पडदा: हाच तर संबंध. 2001 च्या एरेड्सच्या, म्हणजे या गोळ्यांवरच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाच्या, फॉर्म्युल्यात बीटा कॅरोटीन होतं, गाजरातलं केशरी रंगद्रव्य. सिगारेट ओढणाऱ्यांना त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, सोडलेल्यांनाही. म्हणून 2013 च्या एरेड्स-2 मध्ये त्याजागी ल्युटिन-झिॲझँथिन आलं. अमेरिकेचा डबा परत बांध. दवा बाजारवाला डॉक्टरांना दाखव, बाबांना रक्त पातळ करायची गोळी असेल तर तेही सांग, या गोळ्यांत ई जास्त असतं, त्यानेही रक्त पातळ होऊ शकतं. गेलेली नजर परत येत नाही हं. पुढच्या टप्प्यात जायचा धोका 5 वर्षांत साधारण 25 टक्के कमी होतो, एवढंच.

गाजरहलवा: म्हणजे गाजर विष झालं?

कोरडा_पडदा: खा हो गाजर! गोष्ट गोळीची चाललीय.

पलासियाची_माई: चौकड्यांचा कागद दिला का डॉक्टरांनी? एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, रेघा वाकड्या दिसतात का ते.

मालवी_पोरगा: कागद फ्रिजवर लावलाय, बघत कोण नाही. पण आठवडा झाला, बाबा म्हणताहेत खिडकीचे गज मधोमध वाकलेत. मला सरळच दिसतात. तरी कटकट नको म्हणून लोहाराला उद्या बोलावलंय.

पलासियाची_माई: अरे देवा. डॉक्टरांची तारीख कधीची?

मालवी_पोरगा: दिवाळीनंतरची.

कोरडा_पडदा: दिवाळी सोड, उद्याच रेटिनावाल्याकडे ने. ड्रायचा वेट होताना असंच दिसतं, तिथे कुठलाच डबा कामाचा नाही. ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, करायला सांग.

सेवपरमल: मी आधीच म्हटलं होतं, ऑपरेशन.

मालवी_पोरगा: नंबर लावला, सकाळी 9 चा. लोहाराला नको म्हणून कळवलं. बाबा विचारताहेत, मग गज कोण सरळ करणार.