व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी आयडीई डिस्क धड दिसत नाही, आत अण्णांच्या ओव्या आहेत

प्रश्न (सांगलीहून)
अण्णांचं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं) दुकान होतं. 1998 ते 2001 मध्ये त्यांनी जत भागातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि पेजमेकर 6.5 या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये लावल्या. पुस्तक राहून गेलं, अण्णाही गेले. माळ्यावरच्या कॉम्प्युटरमधून 4.3 जीबीची आयडीई (जुन्या रुंद पट्टीच्या वायरीची) डिस्क काढली, यूएसबी अडॅप्टर लावला, लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) विंडोज 98 टाकलं. यूएसबीतून जोडली तर 98 ड्रायव्हर मागतं. मग रॉ व्हीएमडीके (खऱ्या डिस्ककडे बोट दाखवणारी छोटी फाइल) करून थेट जोडली. एकदा डी ड्राइव्ह दिसला, पण मशीन अडकलं. परत चालू केलं तर स्कॅनडिस्कचा (डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम) निळा पडदा! घाबरून मी वायरच उपसली. आता डिस्क कट-कट करते, कधी दिसते, कधी नाही. काय करू?

उत्तर 1
ताई, स्कॅनडिस्क थांबवलंत ते फार बरं केलंत. रॉ व्हीएमडीकेमध्ये मशीनच्या आत होणारा प्रत्येक बदल खऱ्या डिस्कवर लिहिला जातो. स्कॅनडिस्कला तुटक्या फायली सापडल्या की त्यांचे तुकडे 'फाइल0000.सीएचके' अशा नावांनी सी किंवा डीवर पडतात. मग ओव्या त्यातून वेचत बसायचं.

आधी आवाजाचं बघा. साडेतीन इंची डिस्कला 5 व्होल्टसोबत 12 व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून येत नाहीत. अडॅप्टरचा पॉवर सप्लाय कमी पडला की मोटर फिरते, बसते, परत फिरते. जुन्या एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या) चार पिनांच्या वायरीने पॉवर द्या. डिस्कमागच्या पिनांवरचं छोटं टोपण, म्हणजे जंपर, 'मास्टर'वर ठेवा, आकृती डिस्कच्या लेबलवरच असते. एवढं करूनही एका लयीत टकटक आली तर लगेच बंद करा. ते हेडचं दुखणं, घरी हात लावू नका.

शांत फिरली तर लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, डिस्क माउंट न करता (म्हणजे ती फोल्डरसारखी न उघडता), डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, घ्या. कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल द्यायची विसरू नका. ती असली की मध्ये थांबवून डिस्क थंड होऊ देता येते, आणि काम पुढे तिथूनच सुरू होतं.

उत्तर 2
इमेजची एक प्रत बाजूला ठेवा, मगच व्हीबॉक्समॅनेज या व्हर्च्युअलबॉक्सच्याच कमांडच्या 'कन्व्हर्टफ्रॉमरॉ'ने व्हीडीआय (व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क-फाइल) करा. ती आयडीई कंट्रोलरवर प्रायमरी स्लेव्ह (पहिल्या जोडणीवरची दुसरी डिस्क) म्हणून लावा. साटावर (नव्या प्रकारच्या जोडणीवर) लावलीत तर 98 ला दिसणार नाही. अण्णांच्या विंडोजवरून बूट करू नका, ते नवं हार्डवेअर शोधत बसेल. तुमच्या 98 मधून डी ड्राइव्ह उघडा.

सांगलीहून
पॉवरच कमी पडत होती! एसएमपीएस लावल्यावर कट-कट थांबली. डीडीरेस्क्यू रात्रभर चालू होतं, 26 सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचता आले नाहीत. डी ड्राइव्ह आला, 'ओवी' नावाचा फोल्डर आहे. पण पेजमेकर उघडताना फॉन्ट नाहीत म्हणतो आणि पानावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल बिघडली का?

उत्तर 1
नाही, घाबरू नका. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोडमधले (आजच्या, प्रत्येक लिपीच्या अक्षराला वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीतले) नव्हते, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. डीवरच्या विंडोजमधला 'फॉन्ट्स' फोल्डर बघा, त्यातले फॉन्ट कंट्रोल पॅनेलमधून टाका आणि फाइल परत उघडा. फॉन्ट बदलायचा का असं विचारलं तर होकार देऊन सेव्ह करू नका. पानं दिसली की पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी छपाईची भाषा) प्रिंटर निवडून 'फाइलमध्ये प्रिंट' करा. मग व्हर्च्युअल मशीनबाहेर, लॅपटॉपवर, घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने त्या फाइलची पीडीएफ होईल.

सांगलीहून
झालं. 62 पानं निघाली. 41 व्या पानावरचं जात्याचं चित्र अर्धंच उमटलंय, बाकी मजकूर शाबूत आहे. प्रत्येक ओवीखाली अण्णांनी सांगणारीचं नाव आणि गाव घातलंय. आई सकाळपासून चष्मा लावून एकेक पान वाचतेय, मधूनच म्हणते, 'ही माझ्यासमोर सांगितली होती.'