लिव्हर ट्रान्सप्लान्टनंतर लवकर सुट्टी : कौतुक कसलं?

रावेरकर
काल आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं : 'पूर्वी लिव्हर बदलल्यावर महिना-महिना दवाखान्यात काढावा लागे, आता दोन आठवड्यांत पेशंट घरी. सलाम!' खाली हात जोडणाऱ्यांची रांग. अरे भो, घरी म्हणजे कुठं? भावाचं ऑपरेशन मुंबईला झालं, लिव्हरचा तुकडा वहिनीने दिला. सुट्टी लवकर झाली, कबूल. पण डॉक्टरांनी बजावलं, दवाखान्याजवळच राहा. रावेर तिथून चारशे किलोमीटरच्या वर. मग भाड्याची खोली, सारखं रक्त तपासणं, टॅक्रोलिमसची (शरीराने नवं लिव्हर झिडकारू नये म्हणूनच्या गोळीची) रक्तातली लेव्हल, फोनवरून गोळी कमी-जास्त. वहिनीच्या स्वतःच्या पोटावर टाके, आणि तीच नवऱ्याच्या गोळ्यांचे गजर लावतेय. दिवस कमी नाही झाले, आमच्या गळ्यात घातले. बिलात दिसत नाहीत एवढंच.

धुळ्याची_सिस्टर
दादा, राग समजतो, पण हिशेब चुकतोय. 1963 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला डॉ. स्टार्झल यांनी पहिलं लिव्हर बसवलं, तो पेशंट टेबलावरच गेला. वर्षभर जगलेला पेशंट दिसायला 1967 उजाडलं. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, नव्वदीत टॅक्रोलिमस, तेव्हा कुठे शरीर नवं लिव्हर झिडकारायचं आटोक्यात आलं. आता रक्तस्राव कमी, श्वासाची नळी बऱ्याचदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काढतात, लगेच उठवून बसवतात. प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेला माणूस वॉर्डात जास्त दिवस ठेवला तर तिथलेच जंतू धरतात. जास्त मुक्काम म्हणजे जास्त काळजी, हे डोक्यातून काढा.

रावेरकर
जंतू काय भाड्याच्या खोलीत नसतात? संडास चार बिऱ्हाडांत एक होता!

कळण्याची_भाकर
जंतूंचं सोडा, सोयऱ्यांचं बोला. माझ्या सासऱ्यांना सुट्टी झाली अन् अमळनेर, चोपडा, शिरपूर, सगळीकडून माणसं खोलीवर. कुणी खोकतंय, कुणी मांडीवर पोर घेऊन. मामेसासूबाईंनी डब्यात भरीत आणलं, वर कच्ची कांद्याची पात अन् कोथिंबीर. मी डबा बाजूला ठेवला तर "आमचं खाऊन कुणी मेलंय का?" अजून बोलत नाहीत.

तापीकाठचा
मग माणसांनी यायचंच नाही का? संकटात सोयरा धावणार नाही तर कोण, डॉक्टर? तुमच्या पिढीला माणसं नकोच आहेत.

कळण्याची_भाकर
धावा ना! रक्ताच्या रिपोर्टच्या रांगेत धावा. फोटो काढून स्टेटसला टाकायला कसाले धावतात?

तापीकाठचा
लग्नात आहेराची वही तपासणारे आम्हाला माणुसकी शिकवणार.

धुळ्याची_सिस्टर
दोघंही थांबा. भेटायचं तर एकाने, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून. कच्चं काही नको. अन् कुणी पपनस आणलं तर परत द्या, त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल चढते.

तापीकाठचा
आता फळांवरही बंदी. केळी तरी चालतात का? नाहीतर रावेरकरांची बागच बुडायची.

रावेरकर
बाग राहू द्या, ती ऑपरेशनसाठी गहाण पडली होती. सिस्टर, वॉर्डात राहणं धोक्याचं, हे मानलं. घ्या, तुमचा सलाम. पण बाहेर काढताय तर बाहेरची सोय कोण करणार? पित्तनळी गळायला लागली की ताप येतो, तो रात्री खोलीवर ओळखायचा कुणी? वहिनीने? तीही पेशंटच होती की! देणाऱ्याला आठवड्याभरात सोडतात, पुढे तिला कुणी विचारत नाही.

धुळ्याची_सिस्टर
हे मात्र बरोबर. ताप आला की गोळी घेऊन झोपायचं नाही, फोन करायचा, हे आम्ही सुट्टीच्या गडबडीत सांगतो आणि नातेवाइकांचं लक्ष बिलाच्या खिडकीकडे असतं. देणाऱ्याचं तर कागदावर एका ओळीत उरकतात.

कळण्याची_भाकर
दवाखान्याने शेजारी स्वस्त खोल्या बांधाव्यात, प्रत्येक खोलीला वेगळा संडास. बाकी मशीन नंतर घ्या.

तापीकाठचा
बांधा. आणि दारावर पाटी लावा, मामेसासूंना प्रवेश नाही.