मदत हवी आहे: काल्पनिक जगातल्या जीवनशक्तीचे नियम कसे ठरवू?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. मराठीत फँटसी कादंबरी लिहितोय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय.

माझ्या जगात 'उमाळ' नावाची एकच शक्ती दगडापासून माणसापर्यंत सगळ्यांत वाहते. विणकरांना ती हाताळता येते. मागावर रिकामा धोटा फेकला की फणीच्या दातांत फिकट उजेड साचतो आणि ठोक्यासरशी त्याचं कापड होतं. ते पांघरलेला आजारी माणूस उठून बसतो, विणकराची बोटं मात्र बधिर पडतात. इथवर जमलंय.

घोळ पुढे आहे. उमाळ सगळीकडेच असेल तर तुटवडा कशाचा? आणि तुटवडाच नसेल तर भांडण कशावरून लावू? एक पर्याय म्हणजे उमाळ तेवढाच राहतो, फक्त जागा बदलतो. एकाला बरं केलं की कुठेतरी झाड वाळणार. दुसरा आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी सोलापुरात आणि आसपास स्थापलेल्या ६८ शिवलिंगांवरून सुचला: शहराभोवती ठाणी, आणि वर्षातून एकदा त्यांची प्रदक्षिणा चुकली की प्रवाह बंद. हा मला जास्त आवडतो (लहानपणापासून गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे चालतोय, त्यामुळे असेल). पण मग खलनायकाने एक ठाणं फोडलं की खेळ खल्लास!

उपनिषदांतल्या प्राण, अपान, व्यान, उदान, समान या शरीरातल्या पाच प्राणवायूंसारखे उमाळाचे पाच प्रकार करावेत का, की वाचकाला योगवर्गात बसल्यासारखं वाटेल?

फँटसी वाचणाऱ्यांनो, तुम्हाला नियम आधी कळलेले आवडतात की गोष्टीतून हळूहळू?